घरच्या लेकीचा सत्कार नसतो

परदेशी माणूस बारामतीच्या एसटी स्टँडवर उतरला, की तो माझ्यापर्यंत पोचायच्या आधी त्याची बातमी पोचायची. कुणीतरी रिक्षावाला फोन करायचा, "मॅडम, तुमचा पाहुणा आलाय. बॅगा लई हायत, रिक्षात बसंना." मी म्हणायचे, दुसरी रिक्षा कर आणि घेऊन ये. नोकरीच्या शेवटच्या वर्षांत शहरातल्या निम्म्या रिक्षावाल्यांना ठाऊक झालं होतं, की गोंधळलेला परदेशी माणूस दिसला तर तो माझाच.

आमच्या महाविद्यालयात परदेशी अभ्यासकांचा कक्ष होता. कक्ष म्हणजे एक टेबल, दोन खुर्च्या, भिंतीवर जगाचा नकाशा आणि मी. निवृत्त झाले तेव्हा निरोपाच्या भाषणात माझा उल्लेख 'कक्षप्रमुख' असा झाला. कक्षात मी एकटीच असल्यामुळे ते अगदी खरं होतं.

हा धंदा काय असतो ते आधी सांगते. शिक्षकांनी आणि संशोधकांनी काही महिने दुसऱ्या देशात राहून काही शिकावं, यासाठी सरकारं शिष्यवृत्त्या देतात. विमानाचं तिकीट, विद्यावेतन, राहण्याचा खर्च, सगळं त्यात येतं. आपली पोरं अशा शिष्यवृत्तीवर अमेरिका-जर्मनीला जातात हे लोकांना माहीत असतं. पण आपलंही सरकार अशा शिष्यवृत्त्या देतं आणि त्यावर माणसं बारामतीला येतात असं सांगितलं, की लोक हसायचे. हसायचं काय त्यात? ज्याला ऊस, दूध, ठिबक आणि सहकार शिकायचाय तो पॅरिसला जाऊन काय करील?

माणूस आला की त्याची पोलिसांत नोंद करायची, बँकेत खातं उघडायचं, खोली बघायची, मार्गदर्शक प्राध्यापकांशी गाठ घालून द्यायची. हे कागदोपत्री काम झालं. खरं काम त्यानंतरचं. त्याचं पोट बिघडतं, त्याला घरची आठवण येते, घरमालकीण त्याला "लग्न झालंय का?" हा प्रश्न रोज नव्यानं विचारते. अशा वेळी दोघांच्या मध्ये उभं राहणारं माणूस लागतं. ते काम मला चांगलं जमायचं. उगाच विनय कशाला दाखवू?

इथिओपियाचा एक अभ्यासक दुग्धव्यवसाय शिकायला आला होता. पणदऱ्याच्या पुढे एका वाडीवरच्या दूध संकलन केंद्रात तो रोज सकाळी जाऊन उभा राहायचा. उंचापुरा माणूस, इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन, आणि मराठी येत नसल्यामुळे तोंडातून अवाक्षर नाही. फॅट मोजायच्या यंत्राशेजारी असा गृहस्थ गप्प उभा राहिल्यावर वाडीनं जे समजायचं ते समजून घेतलं. सरकारी तपासणी! त्या हंगामात तिथल्या दुधाला जी फॅट लागली ती आधी कधी लागली नव्हती. केंद्र चालवणारा पोरगा मला म्हणाला, "मॅडम, ह्या सायबाला आणखी दोन म्हैनं ठिवता आलं तर बघा." त्या अभ्यासकाच्या अहवालात आमच्या भागातल्या दुधाची तोंड भरून स्तुती आहे. मी ती खोडली नाही.

पण सगळ्यांत जास्त घाम काढला तो नेकेसानं.

नेकेसा केनियाची. पश्चिम केनियात उसाचा मोठा पट्टा आहे, तिथल्या एका प्राथमिक शाळेत ती शिक्षिका होती. तिच्या भाषेत सुगीच्या दिवसांत जन्मलेल्या मुलीला नेकेसा म्हणतात. भरदार बांध्याची, मोठ्यानं हसणारी, आणि हसता हसता नेमकं बोट ठेवणारी बाई. रस्त्यात लोक वळून वळून बघायचे, तेव्हा ती स्वतःच हात जोडून "राम राम" घालायची आणि बघणाराच लाजायचा.

तिचा विषय साधा होता. उसाच्या हंगामात तिच्याकडची मुलं शाळेतून गळतात. आमच्याकडे तर ऊसतोडीसाठी लांबून कुटुंबंच्या कुटुंबं येतात, पाचटाच्या कोप्या म्हणजे झोपड्या बांधून हंगामभर राहतात, आणि त्यांची मुलं जवळच्या गावातल्या शाळेत बसतात. गावची मुलं आणि कोप्यांवरची मुलं एका वर्गात कशी शिकतात, हे तिला बघायचं होतं. परत गेल्यावर तिच्या भागात तसे वर्ग सुरू करायचा प्रस्ताव तिथल्या शिक्षण खात्यापुढे होता. तिचा इथला अभ्यास पुरा झाला तरच तो पुढे सरकणार होता. आणि हातात फक्त एक हंगाम. कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे गाळप संपलं, की कोप्या उठणार आणि मुलं जाणार.

शाळेत जायला परवानगी लागते. मी ती रीतसर काढली. परवानगीचा निरोप शिक्षकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर गेला आणि तिथंच घोटाळ्याला सुरुवात झाली.

सोमेश्वरनगरच्या बाजूला पहिल्या शाळेत गेलो तर फाटकापासून रांगोळी. लेझीम. नेकेसाला फेटा बांधला, मलाही बांधला. शाल, नारळ, स्वागतगीत, मग भाषणं. सरपंचबाईंचे यजमान बोलले, त्यांच्यानंतर सरपंचबाई बोलल्या, त्यांच्यानंतर पुन्हा यजमान बोलले. मग कडक इस्त्रीच्या गणवेशातली मुलं "गुड मॉर्निंग मॅडम" म्हणाली आणि जेवायची वेळ झाली. नेकेसा खूष होती. म्हणाली, "किती प्रेमळ लोक आहेत! वर्ग उद्या बघू."

उद्या दुसरी शाळा. पुन्हा फेटा, पुन्हा शाल. तिसऱ्या शाळेनं ढोलपथक बोलावलं होतं आणि चौकात नेकेसाचा फ्लेक्स लावला होता. फ्लेक्सवर तिच्यापेक्षा मोठे फोटो गावातल्या पुढाऱ्यांचे होते, ते असो. असं करता करता डिसेंबर सरला. तिच्या खोलीतल्या कपाटात शाली मावेनात. आणि एक दिवस गाडीत बसल्यावर ती फेटा सोडता सोडता म्हणाली, "सुमनताई, एक विचारू? कोप्यांवरची मुलं कुठं आहेत?"

मी चरकले. खरंच, कुठल्याच शाळेत ती मुलं दिसली नव्हती. गाडी वळवायला लावली आणि मुख्याध्यापकांना विचारलं. ते सरळ मनानं म्हणाले, "मॅडम, त्यांना गणवेश नसतो. कडेवर धाकटी भावंडं घेऊन येतात, ती रडतात. पाहुण्यांसमोर बरं दिसत नाही, म्हणून पाहुणे असले की त्यांना सुट्टी देतो."

म्हणजे ज्यांना बघायला ही बाई समुद्र ओलांडून आली, ती मुलं तिच्या स्वागतापायी घरी बसत होती! मी हे तिला इंग्रजीत सांगितलं. तिनं सोडलेल्या फेट्याची घडी केली आणि मागच्या सीटवर ठेवून दिली. खोलीच्या दारात एवढंच म्हणाली, "मला खूप शाली मिळाल्या, ताई. वर्ग एकही मिळाला नाही."

मला राग आला होता, पण कुणावर काढणार? पाहुण्याचा मान ठेवायचा नाही असं सांगायला गेलं, तर गाव म्हणतं, तुम्ही आमच्या आतिथ्याला नावं ठेवता. मी दोन ठिकाणी "सत्कार नको" असं कळवून बघितलं. तिथं पाहुण्याबाई फार साध्या आहेत म्हणून त्यांचा जास्तच मोठा सत्कार झाला. मग मी डोकं चालवलं. आपल्याकडे सत्कार कुणाचा करत नाहीत? घरच्या माणसाचा.

माझं माहेर इंदापूर तालुक्यात. गावाच्या मागच्या माळावर दरवर्षी कोप्या पडतात. माझे थोरले चुलते माजी सरपंच आहेत. सगळं गाव त्यांना आबा म्हणतं आणि त्यांचा शब्द अजून चालतो. नेकेसाला घेऊन मी जाणार असं कळवलं, तेव्हा आबांनी ढोलवाल्याला बयाणा देऊन टाकला होता. आदल्या दिवशी मी एकटी जाऊन धडकले.

"आबा, फेटा-बिटा काही करायचं नाही."

"आगं सुमे, पाहुणी परदेशाची. फेटा न्हाय बांधला तर गावाची इज्जत जाईल का न्हाय?"

"पाहुणी आहे कुठं ती? ती माझी बहीण आहे. म्हणजे या घरची लेक. घरच्या लेकीचा सत्कार करता का तुम्ही? माझा केलाय कधी?"

आबा खुर्चीत सरळ झाले. त्यांनी मिशीवरून बोट फिरवलं. मग आत तोंड करून सुनेला हाक मारली, "आगं, ऐकलंस का? उद्या माहेरवाशीण येतीया. वटीची तयारी ठिव."

"वन्सं येणार हुत्याच की," आतून वहिनी म्हणाली.

"ती न्हाय. दुसरी. आफ्रिकेची."

दुसऱ्या दिवशी वहिनीनं नेकेसाला स्वयंपाकघरात पाटावर बसवलं, खणानारळानं ओटी भरली, आणि लगेच तिच्यापुढे पावट्याच्या शेंगा सोलायला टाकल्या. झाला समारंभ! ढोलवाल्यानं बयाणा परत दिला नाही, पण बाकी सगळं मनासारखं झालं. संध्याकाळपर्यंत गावभर झालं होतं, की आबांकडं लेक आलीय, थोडे दिवस राहणार आहे. आणि लेक शाळेत जाऊन मागच्या बाकावर बसली, तर तिच्यासाठी कोण रांगोळी काढणार?

मग तिला वर्ग दिसला. खरा. गुरुजी ओरडत होते, पोरं मारामारी करत होती, आणि कोप्यांवरची मुलं पहिल्या तासानंतर येत होती, कारण आई-बापाची भाकरी उसाच्या फडात पोचवून त्यांना यावं लागायचं. त्यांत कोमल नावाची चौथीतली मुलगी होती. कडेवर भाऊ. भाऊ जागा असेपर्यंत ती दारात उभी राहून शिकायची, झोपला की त्याला मांडीवर घेऊन बसायची. नेकेसानं पहिल्याच आठवड्यात आपल्या बॅगेतली एक शाल आणली, घडी करून भिंतीशी अंथरली आणि पोराला त्यावर निजवलं. त्या दिवसापासून कोमलचे हात मोकळे झाले. पाठोपाठ आणखी शाली आल्या, आणखी बाळं झोपली, आणि वर्गात गुरुजींना हळू आवाजात शिकवायची सवय लागली.

नेकेसा हळूहळू स्वतः तास घेऊ लागली. तिचं मराठी वहिनीच्या चुलीपाशी तयार झालेलं, त्यामुळे थेट गावचं होतं. मी बारामतीहून फोन केला की "बरी हाय, तुमी या की" असं उत्तर यायचं. मला वाटलं, सुटले. हंगाम संपत आला होता, शिष्यवृत्तीच्या कार्यालयातले एक साहेब येऊन तिचा एक तास बघणार होते, त्यांनी ठीक म्हटलं की अभ्यास पुरा.

पण साहेब येणार म्हटल्यावर गावाच्या अंगात पुन्हा आलं. साहेब तर कुणाची लेक नव्हते! शाळा रंगवली, फेटेवाला ठरला, आणि मुख्याध्यापकांनी आबांना विचारून कोप्यांवर निरोप धाडला, की उद्या पोरांना पाठवू नका.

दुपारी वहिनीचा मला फोन. "वन्सं, लगेच या. नेकेसाताई रुसल्यात. सकाळपास्नं पोटात अन्नाचा कण न्हाय. कोप्यांवर जाऊन बसल्यात."

मी मिळेल त्या एसटीनं गेले. आबा ओसरीवर अस्वस्थ येरझारा घालत होते. माहेरवाशीण उपाशीपोटी घराबाहेर बसली, हे त्या घरात कधी झालं नव्हतं. "काय मागती ती?" त्यांनी मला विचारलं.

"तुम्हीच विचारा. लेक तुमची आहे."

आबांनी काठी घेतली आणि आम्ही माळावर गेलो. चालता चालता माझ्या लक्षात आलं, की या लोकांनी आबांचा ऊस कितीतरी हंगाम तोडला असेल, पण आबा त्यांच्या कोपीपर्यंत पहिल्यांदाच जात होते. नेकेसा एका कोपीपुढे बसली होती आणि कोमलचे केस विंचरत होती.

"ऊठ बाळा," आबा म्हणाले. "चल जेवायला."

"मी न्हाय येत," नेकेसा म्हणाली. "पोरं न्हाय तर मी बी न्हाय."

कोमलची आई नुकतीच फडातून आली होती, तोंडाला बांधलेला रुमाल अजून गळ्यात होता. तिनं आबांना पोतं अंथरलं, चहा दिला. आबांनी घोट घेतला तेव्हा ती म्हणाली, "आबा, एक इचारू का? उद्या पोरीला येऊ नगं म्हणल्यात. मागल्या गावात बी असंच म्हणायचे. तिचं काय चुकतं तेवढं सांगा. मी तिला समजावून सांगते."

ती टोमणा मारत नव्हती. तिला खरोखर वाटत होतं, की पोरीचं काहीतरी चुकतं.  आबांनी कप खाली ठेवला. 

"तिचं काय न्हाय चुकलं, बाई," ते म्हणाले. "उद्या लावून दे तिला. समद्यास्नी लावून द्या. हायत त्या कापडात."

नेकेसा लगेच उठली आणि पदरासारखी ओढणी खोचून मला म्हणाली, "वैनीनं जेवायला काय केलंय?"

दुसऱ्या दिवशी साहेब आले. फाटकाशी फेटेवाला सरसावला, तर आबा काठी आडवी धरून उभे. "सायेब, आधी तास बघा. नारळ कुठं पळून जात न्हाय." साहेब आत गेले, मागोमाग सत्काराचं ताट घेऊन आबा. पुढच्या रांगेत कोप्यांवरची मुलं बसली होती, पायात चपला नसलेली, केसांना तेल लावलेली. नेकेसानं लांबी मोजायचा धडा घेतला, उसाच्या कांड्या घेऊन. गावची पोरं फूटपट्टी लावत होती, कोमल वितीनं मोजून इंच सांगत होती, आणि दोघांचं उत्तर जुळलं की वर्ग टाळ्या पिटत होता. मध्येच कोमलचा भाऊ उठून भोकाड पसरायला लागला. शाली सगळ्या आधीच गुंतलेल्या. तेव्हा आबांनी साहेबांसाठी आणलेली भरजरी शाल हातातल्या ताटातून उचलली, भिंतीशी टाकली आणि पोराला थोपटत तिथंच खाली बसले. तास संपेपर्यंत ती शाल ओली झाली होती आणि नेकेसाच्या शालींत जमा झाली होती. साहेबांना नुसत्या नारळावर भागवावं लागलं. त्यांनी ते मनाला लावून घेतलं नाही. जाताना मला म्हणाले, "इतक्या शाळा पाहतो, मॅडम, पण तास चालू असलेली शाळा फार दिवसांनी पाहिली."

अभ्यास पुरा झाला. मग पट्टा पडला, ट्रकवर भांडीकुंडी चढली आणि एका सकाळी माळ रिकामा झाला. आमचीही लेक निघाली. विमानात वजनाची मर्यादा असते म्हणून मी तिला शाली ठेवून जायला सांगितलं. तिनं स्वतःचे कपडे वहिनीला दिले, पुस्तकं शाळेला दिली, आणि शाली घेऊन गेली.

एक गोष्ट मात्र मनाला लागून राहिली आहे. पुढच्या हंगामात कोमल आली नाही. त्यांच्या टोळीनं दुसऱ्या कारखान्याची आगाऊ उचल घेतली होती. मी दरवर्षी कोप्या पडल्या की माहेरी जाऊन विचारते. जगातल्या कुठल्याही देशातला माणूस मी शोधून जाग्यावर पोचवला असता, ही एक मुलगी मला सापडत नाही. ती आता चांगली मोठी झाली असेल. कुठल्या शाळेच्या दारात उभी होती, का आत बसली होती, मला माहीत नाही.

गेल्या दिवाळीत माहेरी होते, तेव्हा नेकेसाचा व्हिडिओ कॉल आला. तिचे वर्ग सुरू झालेत. आबांना आता कमी दिसतं. त्यांनी फोन दोन्ही हातांत नाकाशी धरला आणि खुशाली-बिशाली काही न विचारता म्हणाले, "उसातली पोरं कुठं बसवलीस ते दाव."

तिनं फोन फिरवला. पुढच्या रांगेत मुली बसल्या होत्या, हात मोकळे, डोळे फळ्याकडे. आणि त्यांच्या मागे भिंतीशी आमच्या बारामती-इंदापूरच्या सगळ्या गावांच्या शाली ओळीनं अंथरलेल्या होत्या. प्रत्येक शालीवर एक बाळ झोपलं होतं.

आबांनी फोन आणखी नाकाशी ओढला. मग म्हणाले, "सुमे, ही शाल सोमेश्वराकडची दिसतीया. आपल्यापेक्षा भारी हाय." आणि डोळे पुसायला त्यांनी फोन माझ्या हातात दिला.